शेरा: मंदगती

माझ्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर ‘मंदगती’ असा शेरा आहे. निळ्या शाईतला, वळणदार अक्षरातला. ज्यांना ज्यांना तो दाखवावा लागला ते आधी कागद बघतात, मग मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि समजूत घातल्यासारखं म्हणतात, “चुकून पडला असेल हो.” चुकून काहीही पडलेलं नाही. त्या शेऱ्यासाठी मी भांडले आहे. आजही कुणी खोडून देतो म्हणालं तर त्याच्याशी भांडेन.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मोठा म्हणायचा, पण त्याच्या चड्डीची नाडी मी बांधायची. तो पाय ओढत चालायचा, बोलणं तोंडातल्या तोंडात, आणि एकदा हसू आलं की हसतच राहायचा. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला पहिलीत घातलं. पाचव्या दिवशी गुरुजी त्याला मनगटाला धरून घरी घेऊन आले आणि म्हणाले, “याच्यामुळं बाकीची पोरं नासतात.” नासायला ती पोरं काय दूध होती? पण वडील गप्प बसले. मिलमध्ये मुकादमापुढं गप्प बसायची सवय, ती गुरुजींपुढंही कामी आली.

भवानी पेठेतल्या आमच्या एका खोलीच्या घरात दिवसा मोठं कुणी नसे. वडील मिलमध्ये, आई गल्लीतल्याच मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. दादा एकदा चालत चालत थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत गेला होता. त्या दिवसापासून कामावर जाताना आई त्याला जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं दाराच्या खांबाला बांधून जाई. पट्टा मऊ असे, गाठ सैल असे, शेजारी पाण्याचा तांब्या असे. आईला दुष्ट म्हणायची ज्यांची जीभ वळवळते त्यांनी आधी सांगावं, तिनं दुसरं काय करायचं होतं? मी खांबाजवळ बसून त्याच्याशी खेळायची. खांब हा आमच्या खेळातला तिसरा गडी होता.

मग एक दिवस एक बाई दारात आल्या. उंच, काळ्यासावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. जवळच्या शाळेत ‘विशेष वर्ग’ निघणार होता आणि त्या वर्गासाठी मुलं शोधत त्या बोळाबोळांतून फिरत होत्या. दादाला बांधलेलं बघून त्या चुकचुकल्या नाहीत. खाली बसल्या, पट्ट्याची गाठ बघितली आणि आईला म्हणाल्या, “गाठ छान मारता हो. यालाही शिकवू आपण.” आईला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी असं बोललं असेल. तिनं चहा टाकला.

अडचण एकच होती. वर्गात बारा मुलं भरली तरच खोली मिळणार होती, आणि बाईंना दादाला धरून अकराच सापडली होती. तशी मुलं पेठेत घराघरांत होती. आतल्या खोलीत, माळ्यावर, पडद्याआड. पण दारात बाई दिसल्या की “आमच्यात तसलं कुणी न्हाय” म्हणून दार लागायचं. बहिणीचं लग्न अडेल, लोक नावं ठेवतील. त्यात दादाचं आणखी एक खेकटं. बाईंनी त्याला शाळा दाखवायला नेलं तर मी शेजारी असेपर्यंत तो बसला. मी उठले की तो ओरडत उठला. मी बसले की बसला. बाईंनी तीन वेळा करून पाहिलं.

आईनं गणित तिथल्या तिथं सोडवलं. “मग लिवा की हिचं बी नाव. बसंल दादाजवळ. तुमचं बारा बी हुत्यात.”

बाई म्हणाल्या, “अहो, पण ही तर चांगली हुशार आहे.”

“हुशार हाय तर कुटं बी शिकंल. त्यो हिच्याबिगर बसायचा न्हाय.”

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि नाव लिहिलं. पुढं कधी दाखला नावाची वस्तू लागेल हे आईच्या मनातही आलं नाही. आमच्या घराण्यात दाखला लागेपर्यंत कुणी शिकलंच नव्हतं. आणि मला? मला कुणी विचारलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं!

मुलं खरोखर तशीच आहेत का हे बघायला एक साहेब येणार होते. आदल्या दिवशी आईनं माझी वेणी घालता घालता दम भरला, “साहेब काय बी इचारू दे, तुला येत न्हाय. समजलं? कायसुदीक येत न्हाय.” मला दहापर्यंत पाढे येत होते आणि त्याचा मला केवढा तरी ताठा होता. तरी मी मान डोलावली.

साहेबांनी मला विचारलं, “कुत्र्याला पाय किती?” मी ओठ घट्ट दाबून उभी. दादाला ते बघवेना. मला येत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं, त्यामुळं मला काहीतरी दुखतंय असंच त्याला वाटलं असणार. त्यानं चार बोटं वर केली. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “हा मुलगा तर ठीक दिसतोय. ही मुलगीच जरा...” दारात उभ्या असलेल्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाई चटकन म्हणाल्या, “त्याला आणखी विचारा ना, साहेब.” कोंबडीला पाय किती? चार बोटं. तुला बहिणी किती? चार बोटं. पाचात तीन मिळवले तर? दादा खुशीत चार बोटं नाचवत होता. साहेबांनी त्याच्या नावापुढं काहीतरी लांबलचक लिहिलं आणि माझ्यापुढं ‘प्रतिसाद नाही’ असं दोन शब्दांत उरकलं. बाहेर आल्यावर मी आईच्या हाताला चावले. तिनं चावून घेतलं.

खोली मिळाली ती शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ. बाकीची शाळा तिला ‘येड्यांची खोली’ म्हणायची. तिथं आम्ही बाराजण. एक विणकराची मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत काहीच न बोलणारी. एक टांगेवाल्याचा मुलगा होता, त्याला फिट यायची. पाटी-पेन्सिल पहिले सहा महिने निघालीच नाही. बाईंनी एका फळीवर जुन्या झंपरांचे तुकडे ठोकले होते, त्यांना मोठमोठी बटणं आणि काजं. सकाळी आलं की बटण लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. दादाला एक बटण लावायला शिकायला दिवाळीपासून होळीपर्यंत वेळ लागला. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना गूळ वाटला, आणि शेजारच्या तिसरीच्या गुरुजींनी खिडकीतून विचारलं, “काय, पास झाला वाटतं मॅट्रिक?” बाईंनी त्यांनाही गूळ दिला. त्यांच्या जागी मी असते तर खडा दिला असता.

पण बाईंचा खरा धडा रस्त्यावर असे. दर गुरुवारी त्या आम्हाला पेठेत न्यायच्या आणि एकेकाला एकेका दुकानात एकट्याला धाडायच्या. एकच वस्तू मागायची आणि घेऊन यायची. दुकानदारांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, पोर तोंडानं बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही. दादाच्या वाटणीला मीठ आलं. तो किराणा दुकानाच्या फळीपाशी उभा राहिला तो राहिलाच. मागं गिऱ्हाइकं साचली. एक म्हातारी करवादली, “आरं, द्या की त्या लेकराला काय पायजे त्ये!” दुकानदार तागडी धरून म्हणाला, “बोल की रं बाबा, काय पायजे? ह्यो बग, मी हितंच हाय.” मला राहवलं नाही. मी मागून हळूच “मीठ” म्हणाले. बाईंनी मला बखोटीला धरून लांब विजेच्या खांबापाशी नेऊन उभं केलं. “तू बोललीस की तो मुका होतो,” त्या म्हणाल्या. मला भयंकर राग आला. ज्याच्यासाठी मला इथं आणून बसवलं त्याच्यासाठीच मी बोलायचं नाही? त्या गुरुवारी मीठ आलं नाही. चार गुरुवार आलं नाही. पाचव्या गुरुवारी दादा ओरडला, “मीऽऽठ!” इतक्या जोरात, की दुकानदाराच्या हातातलं माप सांडलं.

त्याच्या पुढच्या वर्षी बाईंनी सगळ्यांना रस्ता ओलांडायला शिकवलं. मग एक चौक. मग दोन. इतकंच. दादा वाचायला कधीच शिकला नाही आणि त्याला चारच्या पुढं मोजताही आलं नाही. तसल्या चमत्काराची वाट बघत जे माझ्या गोष्टी ऐकतात त्यांना मी आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यांचा वेळ वाया जायला नको. मात्र त्या वर्षांत खांबाला काही बांधलं गेलं नाही. आईनं पट्टा फाडून फडकी केली.

मला बाई मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर वेगळं शिकवत. दुसरीचं, तिसरीचं, चौथीचं. मी तिथं चार वर्षं काढली आणि मग पाचवीसाठी मुलींच्या हायस्कुलात जायची वेळ आली. बाईंनी दाखला लिहिला. त्यांच्यापुढं हजेरीपट होता आणि हजेरीपटात जे होतं तेच त्यांना लिहावं लागलं. वर्ग: विशेष. वर्तणूक: चांगली. शेरा: मंदगती.

हायस्कूलच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दाखला वाचला आणि मला एकही प्रश्न न विचारता आईकडे परत सरकवला. “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही.” आईनं हात जोडून सगळी हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा जरा निवळला. “अहो, मग सोपं आहे. त्यांच्याकडून दाखला दुरुस्त करून आणा. इयत्ता चौथी, शेरा काही नाही. उद्या आणलात तर उद्या घेते.”

आम्ही थेट आमच्या बाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच दौत पुढं ओढली. “देते लिहून. मुलीचं नुकसान नको.” मग त्या थांबल्या. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून पुढचंही त्यांनी सांगितलं. दुरुस्ती वर ऑफिसात कळवावी लागते. धड मुलगी चार वर्षं या वर्गात कशी होती हे विचारलं जाईल. ती खोली सामान ठेवायला हवी म्हणून साहेब केव्हाचे टपलेत. पट खोटा होता म्हणतील आणि वर्ग बंद करतील. “ते माझं मी बघेन,” असं म्हणून त्यांनी टाक बुडवला.

आईनं त्यांचा हात धरला. “थांबा. उद्याच्याला सांगती.”

घरी जाताना भर रस्त्यात मी आईवर ओरडले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तुला फक्त दादा दिसतो. माझं नाव दिलंस तेव्हा मला विचारलंस? मी का येडी? लोक थांबून बघायला लागले. आई खाली मान घालून चालत राहिली. मला वाटलं होतं ती थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

घरी दादा दाराशी बसून स्वतःच्या शर्टाची बटणं लावत होता. वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता, जीभ बाहेर काढून. त्याच्या पाठीमागं तो खांब होता. मी त्या खांबाकडे बघत उभी राहिले आणि मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. आईवरचा नव्हता तो. त्या मुख्याध्यापिकाबाईंवरचा होता. ‘अशा मुलांची सोय नाही’ म्हणे. म्हणजे कशा मुलांची?

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन पुन्हा हायस्कुलात गेली. दाखला तोच. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “दुरुस्त केला नाहीत?”

आई म्हणाली, “एकदा म्या हिला न इचारता नाव दिलं, बाई. आता हिलाच इचारा. ही म्हनंल तसं.”

मला आजवर कुणी एवढं मोठं काही दिलेलं नाही. मी म्हणाले, “माझी परीक्षा घ्या.”

त्यांनी घेतली. वाचन, भागाकार, जिल्ह्यातल्या नद्या, शुद्धलेखन. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “हिला तर सगळं येतंय. म्हणजे हा शेरा खोटा आहे.”

“खोटा नाही. मी त्याच वर्गात शिकले.”

“अगं, मंदगती म्हणजे काय, कळतं का तुला?”

“कळतं,” मी म्हणाले. “माझा दादा आहे.”

त्यांनी दाखला पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या की घेईन, पण शेरा आमच्या रजिस्टरातही चढेल, शेवटच्या तुकडीत बसावं लागेल, आणि एकदा नापास झाली की नाव कमी. त्याखाली पालकाची सही हवी. आईनं अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबून उठवला की खालच्या पानावरही उमटला. आमचा वर्ग राहिला. माझी रिकामी जागा भरायला एक नवी मुलगी महिन्यापूर्वीच आली होती, त्यामुळं बाराला बारा.

इथं थांबले असते तर मी फार शूर ठरले असते. पण रजिस्टर कपाटात असतं, ते कुणी बघत नाही. कपाटातली शूरता स्वस्त पडते हे मला आठवड्याभरातच कळलं.

मधली सुट्टी होती. नव्या मैत्रिणी झाल्या होत्या, दोघी तर पार नव्या पेठेतल्या, पांढऱ्या मोज्यांच्या. आम्ही डबे उघडले होते. फाटकावरून हाक आली. माझ्या नावाची, मोठ्यांदा, सूर लांबवून. दादा गज धरून उभा होता. आडवं हसत, पाय वाकडा टाकून. त्याच्या वर्गात मी दिसेना म्हणून तो निघून आला होता. एक मोजेवाली म्हणाली, “ई, कोण गं तो? तुझंच नाव घेतोय.”

मी तोंड फिरवलं आणि म्हणाले, “आमच्या गल्लीतला आहे एक.”

हे मी लिहिते आहे कारण लिहायला हवं. शिपायानं फाटकावर काठी आपटली, “ए, चल, चल!” दादा थोडा मागं सरला, पुन्हा एकदा माझ्या दिशेनं हात हलवला आणि गेला. मी डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी घरी गेले तर दादा आईला सांगत होता, “तिची शाळा बगितली. लई मोठी हाय.” एवढंच. शिपाई नाही, काठी नाही, माझं तोंड फिरवणं नाही. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “एकटा गेल्ता म्हनं गं! दोन चौक पार करून! तुला भेटला का?” तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. मी म्हणाले, “भेटला.”

बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टीपर्यंत कसंबसं बसवून ठेवलं. सुट्टीत तो पुन्हा आला. हाक आली तशी मी डबा तसाच टाकून उठले. शिपाई काठी उचलत होता, त्याला म्हणाले, “काठी खाली ठेवा. माझा दादा आहे.” फाटकाची कडी मीच काढली. दादाचा हात धरून मी त्याला पटांगणात आणला आणि मुलींच्या घोळक्यासमोर नेऊन उभा केला. त्याच्या शर्टाची बटणं नीट लागलेली होती.

“काल मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “हा माझा सख्खा भाऊ आहे. आम्ही चार वर्षं एका वर्गात होतो. विशेष वर्गात. रजिस्टरात लिहिलंय, जाऊन बघा. त्या वर्गात ह्याचा पहिला नंबर आणि माझा दुसरा.”

त्या वर्गात नंबर कधी काढलेच नव्हते. पण ते मोजेवाल्यांना काय माहीत! दोघीजणी हसल्या, त्यांना मी नंतर नळापाशी बघून घेतलं. बाकीच्या दादाकडे बघत राहिल्या. दादाही सगळ्यांकडे बघून हसला, माझ्या डब्यातली भाकरी उचलून माझ्या जागेवर बसला आणि सावकाश खायला लागला. घंटा झाली तरी मी त्याला उठवलं नाही.